पाठीले, तोंडाले नाही

अड्याळच्या कोष्टी मोहल्ल्यात नंदलाल निनावे घरी आहेत की बाहेर, हे त्या वर्षी कुणाला दार ठोठावून विचारावं लागत नसे. त्यांची गाडीच सांगायची. गल्लीच्या तोंडाशी आली की ‘चीं’, मारुतीच्या पाराजवळ वळली की ‘चीं’, आणि घरासमोर थांबताना तर डुकराचं पिल्लू पोत्यात कोंबावं तसा लांबलचक गळा काढायची. समोरच्या केशरबाई त्या आवाजावर भाताचं आधण ठेवत. निनावे माल पोचवून जेवायला आले म्हणजे साडेबारा वाजले, त्यासाठी घड्याळाकडे बघायचं कारण नव्हतं.

गाडी पांढरी, छोटी, सेकंडहँड. नंबर पस्तीसचा, म्हणजे गोंदियाचा. भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्याला बारा वर्षं उलटून गेली होती, पण मोहल्ल्यानं ती वाटणी अजून मनातून काढली नव्हती. तिकडची पोरगी आहे, माहेराची आठवण आली की रडते, असं लोक म्हणत. कुणी म्हणे, नंदलालजींनी सनईवाला पगारी ठेवला आहे. नंदलाल ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि दुकानात शिरून लुगड्यांच्या घड्या उगाच पुन्हा घालत बसत.

दुसरा कुणी असता तर हसून सोडून दिलं असतं. पण नंदलाल पडले विणकराच्या घरचे. पंचावन्न वर्षांचा माणूस, त्यातली पंचवीस वर्षं खड्ड्यातल्या मागावर पाय खाली सोडून बसण्यात गेलेली. आता माग बंद होते, पुढच्या खोलीत कापडाचं दुकान होतं, तरी कान मागाचेच राहिले. विणकराच्या घरात आवाजावरून माणसाची पारख होते. आडवा धागा नेणारा धोटा एका चालीत धावला तर घरमालक नेटका. पायाखालची पावडी कुरकुरली की शेजारी समजायचे, हा गडी आळशी आहे, तेलपाणी करत नाही. नंदलालचा बाप तर दुसऱ्याच्या घरावरून जाताना बाहेरूनच ओरडायचा, “अरे, तुया माग रडून राहिला.” बापाचा एक नेम होता, तो त्यानं पोराला पाढ्यासारखा पाठ करून दिला होता: कुरकुरे त्याले तेल, खटखटे त्याले खीळ. जगात बिघडण्यासारखं जे काही आहे त्याला या दोनच औषधांची गरज, अशी बापाची खात्री होती. तो गेला, पण नेम ठेवून गेला, आणि तेलाची पितळी कुपीही ठेवून गेला. लांब, बगळ्याच्या चोचीसारख्या नळीची कुपी. तिच्यात बापाचंच मिश्रण असे, अर्धं मशीनचं तेल आणि अर्धं मोहाच्या बियांचं. बंद मागाशेजारी खुंटीवर ती अकरा वर्षं लटकून होती, पण नंदलाल दर दिवाळीला ती पुसून, ताजं तेल भरून पुन्हा टांगत. देवाच्या दिव्यात तेल घालावं तसं.

तर अशा माणसाच्या दाराशी रडणारी गाडी! लाजेची गोष्ट होती. त्यात पोळ्याला ते दिघोरीला गेले, मोठ्या पोरीकडे, करुणाकडे. व्याह्यांनी दारातच हसून सांगितलं की वेशीवर तुमचा आवाज ऐकला आणि चहा टाकायला सांगितला, बघा, उकळला पण. सगळे हसले. करुणासुद्धा पदराआड हसली. नंदलालनी तो चहा कसाबसा घशाखाली ढकलला आणि तिथंच ठरवलं, दिवाळीनंतर दिघोरीच्या मंडईला यायचं ते आवाज न करता यायचं. मंडई म्हणजे तिकडची दिवाळीनंतरची जत्रा; तिला सगळे सोयरे जमतात, लेकी-जावई येतात, तिथं दहा माणसांत पुन्हा तेच ऐकायचं म्हणजे नको.

म्हणून मंडईच्या आदल्या दिवशी ते गाडी घेऊन मंगरूकडे गेले.

मंगरूचं गॅरेज म्हणजे भंडारा रस्त्यावरचा टिनाचा एक शेड. माणूस पस्तिशीतला, धानाच्या शेतकऱ्याचा पोरगा, बोलायला कमी. त्याची एक रीत होती. आवाजाची तक्रार घेऊन कुणी आलं की तो आधी पान्याला हात लावत नसे. आधी डॉक्टरसारखे प्रश्न. चीं करते की घर्र करते? ब्रेक दाबल्यावर करते की सोडल्यावर? सकाळी एकदाच करते की दिवसभर? मग तो गाडीत बसायचा, काचा खाली करायचा आणि जवळच्या गोदामाची लांब भिंत होती, तिला चिकटून हळूहळू गाडी न्यायचा. जाताना भिंत डाव्या हाताला, येताना उजव्या. आवाज भिंतीवर आपटून परत यायचा आणि कोणतं चाक बोलतंय ते कळायचं. भिंत खोटं नाही बोलत, असं तो म्हणे.

भिंतीनं सांगितलं, पुढचं डावं चाक. मंगरूनं गाडी जॅकवर चढवली, चाक काढलं. आत लोखंडी चकती, आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरणारे दोन पॅड. बाहेरचं पॅड अजून बरं होतं, आतलं मात्र घासून नखाएवढं उरलेलं. त्याच्या कडेला एक बारीक पत्ती होती, ती त्यानं नंदलालना बोटानं दाखवली.

“पॅड संपत आलं की ही पत्ती चकतीले घासते. ओरडण्यासाठीच ठेवली आहे कंपनीनं. तुमची गाडी रडत नव्हती काकाजी, सांगून राहिली होती.”

आतलंच पॅड का झिजलं, तेही त्यानं शोधलं. ज्या पिनेवर तो चिमटा मागं-पुढं सरकतो ती पिन गंजून अडकली होती, त्यामुळे दाब सोडला तरी एक बाजू चकतीला घासतच राहायची. त्यानं पिन काढून कानशीनं साफ केली. उजव्या चाकाचंही उघडून पाहिलं. नवे पॅड आणले, चकती पॉलिशपेपरनं घासली. मग डबीतून बोटभर ग्रीस घेतलं, पिनेला लावलं आणि एक पुसट बोट पॅडच्या मागच्या पत्र्यावरून फिरवलं.

“हे पाठीले, तोंडाले नाही,” पॅड उलटसुलट करून दाखवत तो म्हणाला. “तोंडाले तेलाचा थेंब जरी लागला, तर गाडी आपल्या बापाचं ऐकणार नाही.”

नंदलालनी मान डोलावली. पण त्या वेळी त्यांच्या कानाशी फोन होता आणि फोनवर व्याही होते. उद्या येतोच, या खेपेला तुमच्या कानालाही पत्ता लागणार नाही, असं ते मोठ्या आवाजात सांगत होते. डोळ्यांनी पाहिलं ते एवढंच: काळी डबी, मंगरूचं बोट, आणि जरासं ग्रीस. जाताना मंगरूनं आणखीही सांगितलं. दोन-चार दिवस दमानं चालवा, नवे पॅड बसू द्या. सकाळी दव पडतं, चकतीवर गंजाची पुसट साय धरते, पहिल्या दोन-तीन ब्रेकला चीं होईल. तो आजार नाही, घाबरू नका. नंदलालनी त्यालाही मान डोलावली. मान डोलवायला कुठं काय लागतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी दव पडलंच होतं. नंदलालनी नवा सदरा घातला, अंगणातून गाडी मागं घेतली, ब्रेक दाबला.

चीं.

समोरच्या ओट्यावर केशरबाई दात घासत होत्या. त्यांनी चूळ भरली आणि नुसतं वर पाहिलं. तेच तर लागलं. नंदलालचं तोंड कानापर्यंत तापलं. त्यांच्या मनात मंगरूबद्दल एकच गोष्ट आली: गड्यानं ग्रीस लावायला कंजुषी केली. एवढुसं बोटभर! बाप असता तर म्हणाला असता, कुरकुरे त्याले तेल.

जानकीबाई आत मंडईला न्यायचे अनरसे डब्यात भरत होत्या. नंदलाल आत गेले, खुंटीवरची कुपी उतरवली आणि बाहेर आले. पुढच्या दोन्ही चाकांच्या फटींतून बगळ्याची ती चोच आत घातली आणि चकतीच्या दोन्ही अंगांना, मागाच्या पावडीला पाजावं तसं, प्रेमानं तेल पाजलं. मग गाडी दारातल्या दारात पुढं-मागं केली. आवाज नाही. चिडीचूप. केशरबाईंकडे त्यांनी अशा नजरेनं पाहिलं की जणू गाडी त्यांनीच जन्माला घातली आहे. कुपी ओट्यावरच राहिली. जानकीबाईंना म्हणाले, पारापर्यंत एक चक्कर मारून येतो, तोवर तयार राहा.

गल्ली पाराकडे उतरत जाते. उताराच्या टोकाला गोदावरीबाईंचं घर. सत्तरीला टेकलेली बाई, घरात एकटी; मुलगा कामाला नागपूरला. दारासमोर चटयांवर उकडलेलं धान वाळत घातलेलं, आणि बाजूच्या खाटेवर त्या सुपात तूर पाखडत बसलेल्या. गाडी आवाज न करता आली. नंदलालनी ब्रेक दाबला. गाडी थांबायचं सोडून विचार करत राहिली. त्यांनी आणखी दाबला, मग दोन्ही पायांनी दाबला, मागावर बसल्यासारखा. पुढच्या चाकांनी ऐकलंच नाही. मागच्यांनी थोडं ऐकलं. हँडब्रेक ओढेपर्यंत गाडी धानावरून गेली, खाटेच्या पायाला लागली आणि पाराला नाक टेकवून उभी राहिली.

गाडी वेगात नव्हती म्हणून बरं. पण खाट कलंडली, गोदावरीबाई हातावर पडल्या आणि मनगट मोडलं.

लोक धावले. कुणी पाणी आणलं, कुणी खाट उचलली. आणि गोदावरीबाई, हात पोटाशी धरून, वेदनेनं डोळे मिटलेल्या, काय म्हणाल्या? “मोहाच्या तेलात कोण तळून राहिलं वो?” जमलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. डोक्यालाही मार लागला वाटतं, असं कुणीतरी हळूच म्हणालं. नंदलाल मात्र पुढच्या चाकाकडे बघू लागले. कारण तो वास त्यांनाही येत होता. तापलेल्या चकतीवरचं बापाचं तेल.

गर्दीत भय्याजी होते. शाळेच्या पोरांना नेणाऱ्या दोन गाड्या त्यांच्या, दोन्हींचं काम मंगरूकडे. त्यांनी विचारलं, काय झालं? आणि नंदलालच्या तोंडून निघालं, “ब्रेकच लागले नाही. कालच मंगरूनं बनवले होते.”

यात एकही शब्द खोटा नव्हता. हेच तर वाईट होतं. खोटं असतं तर कुठंतरी पकडलं तरी गेलं असतं.

निरोप गेला तसा अर्ध्या तासात मंगरू सायकलवर पोचला. तोवर गोदावरीबाईंना भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्यायला जीपमध्ये बसवलं होतं आणि नंदलाल त्यांच्याबरोबर जायला चढत होते. मंगरूनं तिथंच चाक काढलं. पॅड हातात घेऊन तो नुसता बघत राहिला. तोंडावर तेल चकाकत होतं. त्यानं पॅड नाकाशी नेलं, कपाळाला आठी पडली, पण तो वास त्याच्या गॅरेजमधला नव्हता म्हणून त्याला नाव देता येईना.

“याले तेल कसं लागलं, काकाजी?” त्यानं विचारलं. आवाज हळू होता. आरोप नव्हता त्यात, खरोखर विचारत होता.

भय्याजी शेजारीच उभे होते. नंदलाल म्हणाले, “ग्रीस तर तूच लावून राहिला होता. मी पाहिलं.”

हेही खरंच. दोन खरी वाक्यं, आणि दोन्ही मिळून एक सणसणीत लबाडी. मंगरूनं स्वतःच्या उजव्या हाताकडे पाहिलं. बोटं उलटी केली, सुलटी केली. मग म्हणाला, “लागला असन माया हात.” आणि खाली बसून पॅड पुसू लागला. ते पुसून काही होणार नाही हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

दिघोरीची मंडई त्या वर्षी नंदलालशिवाय झाली. अनरसे गल्लीत वाटले गेले.

पुढचे आठ दिवस नंदलालना दुकानाबाहेर बघवेना. भय्याजींनी दोन्ही गाड्या काढून शहापूरच्या एका मिस्त्रीकडे नेल्या. पोरांचा जीव आहे, मी तरी काय करू, असं ते ज्याला-त्याला सांगत, आणि चूक म्हणावं तर त्यांचीही नव्हती. चौथ्या दिवशी मंगरूच्या शेडवर, जिथं आधी खडूनं ‘सर्व प्रकारचे काम’ लिहिलेलं होतं, त्याखाली आणखी एक ओळ आली: ‘ब्रेकचे काम होत नाही.’ कुणी त्याला तसं सांगितलं नव्हतं. त्यानंच लिहिलं. नंदलालना ती ओळ बाजाराला जाताना दिसली आणि त्यांनी मान फिरवली, पण उपयोग झाला नाही; वाचता येणाऱ्या माणसाला न वाचता येत नाही.

त्याहून वाईट गोष्ट रोज सकाळी सातला घडायची. मंगरू गोदावरीबाईंकडे यायचा. पाणी भरून द्यायचा, धानाची चटई उन्हात पसरायचा, संध्याकाळी गोळा करून आत ठेवायचा. माझ्या हातानं झालं, असं म्हणून. नंदलालच्या ओट्यावरून उताराचं ते टोक सरळ दिसतं. ते रोज बघत. एकदा त्यांच्याच मागावर, नवं नवं लग्न झालेलं तेव्हा, काठाचा रंग चुकला होता आणि पाच महिने ते प्रत्येक धागा दोन-दोनदा तपासून बघत. आपल्या हातावरचा भरवसा उडणं म्हणजे काय, हे त्यांना माहीत होतं. आणि इथं तर त्या गड्याचा हात चुकलाच नव्हता. या माणसाचा भरवसा आपण दोन वाक्यांत काढून घेतला, आणि तीही भय्याजींच्या देखत.

जानकीबाईंचं लक्ष होतंच. बाईंना शिवणयंत्राला तेल द्यायचं होतं म्हणून त्या कुपी शोधत होत्या. ती खुंटीवर नव्हती. ओट्याच्या कोपऱ्यात, चपलांच्या मागं सापडली, अर्धी रिकामी. त्यांनी अंगठ्यानं नळी पुसली, वास घेतला आणि मग त्यांना गोदावरीबाईंचं ते तळण्याचं बोलणं आठवलं. दुपारी नंदलाल जेवायला बसले तेव्हा ताटाच्या उजव्या हाताला, पाण्याच्या गडव्याशेजारी, कुपी उभी होती.

“भाजीत तेल कमी पडलं तर असू द्या हाताशी,” जानकीबाई म्हणाल्या.

नंदलालनी हात धुतला. मग सगळं सांगून टाकलं, ताटाकडे बघत. जानकीबाईंनी ऐकलं, एकदाही मध्ये तोंड घातलं नाही, आणि शेवटी म्हणाल्या, “मले सांगून काय होते? मी गाडी नाही चालवत, मी मिस्त्री नाही, अन् हात माया नाही मोडला.”

त्या संध्याकाळी नंदलाल चहाच्या टपरीवर गेले. भय्याजी होते, आणखी चारजण होते. नंदलालनी गळा साफ केला आणि म्हणाले की मंगरूची चूक नव्हती, तेल मीच घातलं होतं. बोलताना कान इतके तापले की चहाचा कप थंड वाटला. मग भय्याजींनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“नंदलालजी, मानलं तुम्हाले. मिस्त्रीचं पाप आपल्या डोक्यावर घेऊन राहिले. एवढं मोठं मन पाहिजे माणसाचं.”

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एकजण म्हणाला, जुनी माणसं अशीच. नंदलाल सांगत राहिले, नाही हो, खरंच मी, कुपीनं. जेवढं सांगावं तेवढा त्यांचा मोठेपणा वाढत गेला. शेवटी त्यांचा चहाही दुसऱ्यानंच पाजला. खोटं बोलल्यावर सगळ्यांनी विश्वास ठेवला होता आणि खरं बोलल्यावर सत्कार झाला. ते घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून जानकीबाईंना वाटलं, मारामारी झाली.

सकाळी ते कुपी पिशवीत घालून मंगरूच्या शेडवर गेले. मंगरू एका स्कूटरचा प्लग साफ करत होता. नंदलाल उभ्या उभ्याच बोलले. मंगरूनं सगळं ऐकलं आणि मान हलवली.

“माया मनाले बरं वाटावं म्हणून बोलून राहिले काकाजी तुम्ही. मले समजते.”

“अरे, मी घातलं गा! या कुपीनं!”

“तेल कोण घालन ब्रेकले?” मंगरू म्हणाला. तो थट्टा करत नव्हता. त्याच्या डोक्यात ते बसतच नव्हतं. जगात असा माणूस असू शकतो हे त्याला पटेना, आणि तो माणूस समोर उभा होता. नंदलालना एवढं ओशाळल्यासारखं आयुष्यात कधी झालं नव्हतं. लबाडी केली ती केलीच, पण आता आपला अडाणीपणासुद्धा सिद्ध करून द्यायची वेळ आली होती, आणि तीही हातापाया पडून.

“चल,” ते म्हणाले. “गोदावरीबाईकडे चल.”

गोदावरीबाई ओट्यावर बसल्या होत्या, प्लास्टरचा हात मांडीवर. नंदलाल त्यांच्यासमोर खाली जमिनीवर बसले. इतक्या वर्षांत ते त्या दारात कधी खाली बसले नव्हते. पिशवीतून कुपी काढली, नळीचं बूच काढलं आणि कुपी त्यांच्या नाकाशी धरली.

गोदावरीबाईंनी एकदा हुंगलं, डोळे मोठे केले, पुन्हा हुंगलं.

“हाच वो! हाच वास!” त्या म्हणाल्या. “माया मायेच्या घरी वडे तळत होते या तेलात. मी पडल्या पडल्या सांगून राहिली होती, पण म्हातारीचं नाक कोण ऐकते? म्हणे डोक्याले लागलं.”

मग त्यांच्या ध्यानात सगळं आलं. त्यांनी नंदलालकडे पाहिलं, मग मागं उभ्या असलेल्या मंगरूकडे, मग धानाच्या चटईकडे, जी त्यानं तासापूर्वी पसरली होती. मंगरूनं पुढं होऊन कुपी घेतली. त्यानं हुंगली. पाराजवळ पॅड नाकाशी धरून ज्याला नाव देता आलं नव्हतं तो वास हाच. त्याच्या कपाळावरची आठी सुटली. तो खाली बसला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून आपली बोटं बघत राहिला. नंदलालना वाटलं, त्यानं दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शिव्या गोदावरीबाईंनी दिल्या. त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत, पण चांगल्या होत्या, आणि त्यांत नंदलालच्या बापाचाही उद्धार झाला, कारण कुपी त्याची. मग त्यांनी पदर खोचला. “चाल,” म्हणाल्या, “टपरीवर मी सांगतो. तुयं ऐकून तुले हार घालतीन ते.”

आणि त्या निघाल्या. पुढं गोदावरीबाई, एक हात गळ्यात, दुसऱ्यात पितळी कुपी. मागं नंदलाल, मान खाली. त्यांच्या मागं मंगरू. गल्लीतले झाडून सगळे ओट्यांवर आले होते. टपरीवर बाईंनी कुपी सगळ्यांत आधी भय्याजींच्या नाकाखाली धरली आणि सुरुवातीपासून सांगितलं. सांगताना मध्येच थांबून नंदलालना विचारायच्या, बरोबर आहे का? आणि नंदलालनी चारचौघांत म्हणायचं, बरोबर आहे. असं सात-आठ वेळा झालं. मंगरूनं सांगितलं होतं का तेल लावायचं नाही म्हणून? सांगितलं होतं. मग ऐकलं काहून नाही? फोनवर होतो. कुणाशी? व्याह्यांशी. हशा झाला. नंदलालनी प्रत्येक हशा उभ्यानं घेतला. बसायला बाकावर जागा होती, पण बसायची त्यांना हिंमत झाली नाही.

भय्याजींच्या गाड्या त्याच आठवड्यात परत आल्या. मंगरूनं खडूची ती ओळ पुसली, नीट नाही, घाईत. ‘होत नाही’ एवढं अजून पुसट वाचता येतं. गोदावरीबाईंचं पाणी आणि धान महिनाभर नंदलालनी केलं, प्लास्टर निघेपर्यंत. चटई पसरताना ती सरळ येत नसे आणि बाई ओट्यावरून सूचना देत. ब्रेकचं काम मंगरूनंच पुन्हा केलं, पण या खेपेला नंदलालना शेजारी बसवून. चकती धुतली, तेल प्यालेले पॅड फेकून दिले, नवे आणले आणि ग्रीसची डबी नंदलालच्या पुढं केली. तुम्ही लावा म्हणाला. नंदलालनी बोट बुडवलं आणि पॅड हातात घेऊन थांबले.

“पाठीले,” मंगरू म्हणाला.

“तोंडाले नाही,” नंदलाल म्हणाले.

हे कुणीतरी ऐकलं. मोहल्ल्यात ऐकणारं कुणी ना कुणी असतंच. तेव्हापासून लग्नात हळद लावताना, पोळीला तूप लावताना, अगदी शेजाऱ्याच्या बाळाला पावडर लावतानासुद्धा नंदलाल जवळपास असले की कुणीतरी विचारतंच, काकाजी, पाठीले का तोंडाले? ते हसत नाहीत, रागावतही नाहीत. पुढच्या मंडईला दिघोरीला गेले तेव्हा व्याह्यांपर्यंतही ते पोचलं होतं. थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी दोनदा चीं करते. नंदलाल ते ऐकून घेतात, आणि केशरबाईंकडे बघत नाहीत.

पण हसण्यावारी गेलं ते सगळंच गेलं असं नाही. मंगरूला एक सवय लागली आहे, ती काही गेली नाही. ब्रेकचं काम झालं, चाक चढवलं, नट आवळले, की तो उजवा हात फडक्याला पुसतो आणि गाडी मालकाच्या ताब्यात देण्याआधी आपली बोटं हळूच नाकाशी नेऊन हुंगतो. गिऱ्हाइकाला त्यात काही वाटत नाही. पण नंदलाल भंडारा रस्त्यानं जात असले आणि नेमकं ते हुंगणं त्यांना दिसलं, तर ते पलीकडच्या बाजूनं जातात.